बांधावर कोणी चढू नये

ता. ६ जुलै १८८७, बुधवार.

नवी वही आजपासून. जुन्या वहीत खडी, चुना आणि मजुरांची हजेरी. ती बंद केली. यापुढे फक्त पाणी आणि पाऊस लिहायचा.

बांध पुरा झाला त्याला आज दोन महिने. लांबी दोनशे दहा फूट, उंची अठरा, माथ्याची रुंदी पाच. सगळी माती, दगड फक्त सांडव्याला, म्हणजे जादा पाणी बाजूने निघून जावं म्हणून ठेवलेल्या वाटेला. सांडवा पंधरा फुटांवर. आतल्या सागाच्या खांबावर फुटांच्या खुणा मी स्वतः केल्या आहेत. आज पाणी साडेसात फूट. पाऊस १ इंच १० सेंट; शंभर सेंटांचा एक इंच.

अठ्ठावीस वर्षं सरकारी बांधकामात ओव्हरसियर होतो. घाटातले रस्ते केले, रस्त्याखालून पाणी जायला मोऱ्या बांधल्या, साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. सगळं दुसऱ्याचं. हा बांध तेवढा माझा. डोंबिवलीच्या पूर्वेला टेकडीच्या पायथ्याशी आमची वडिलोपार्जित जमीन, होळीनंतर नुसती भेगाळून पडायची. आता तिच्यात उन्हाळी भात निघेल. कल्याणची मंडळी हसतात. म्हातारपणी त्र्यंबकला तळं सुचलं म्हणतात. हसा लेको!

बांधाखाली दोनशे पावलांवर, ओढ्याच्या काठी आगऱ्यांची वाडी आहे. अकरा घरं. बांधाची माती त्यांनीच वाहिली. मुकादम काळुराम. तो पूर्वी खाडीवर मिठागरांचे बांध राखायचा. माणूस कामाचा, पण तोंडाने फार.

आज बांधावर पाटी लावली: ‘बांधावर कोणी चढू नये.’ वाडीत वाचता येणारं कोणी नाही, हे आमच्या कुटुंबाने लक्षात आणून दिलं. म्हणून आमचा गडी गणू याला पाटी वाचून दाखवायला पाठवलं. गणूलाही वाचता येत नाही. पाठ करून गेला.

ता. ९ जुलै, शनिवार.

सकाळी बांधावर पाच बायका! डोक्यावर इरली, कमरेला टोपल्या, आणि एकेकीचा हात खांद्यापर्यंत माझ्या बांधात. खेकडे धरत होत्या. शेतातले काळे खेकडे, मुठे म्हणतात त्यांना. बांधाच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या वर हातभर, बिळं करून राहतात. काळुरामची बायको गोदा सगळ्यांत पुढे. माझ्यादेखत तिने बिळातून एक ओढून काढला, नांग्या मोडल्या, टोपलीत टाकला, बिळात चिखलाचा गोळा कोंबला आणि टाचेने दाबला. मला शिसारी आली.

“गोदाबाई, उतरा खाली.”

“एवढा एकच भोक, तात्या.”

“एवढं नाही नि तेवढं नाही. हा बांध आहे, मासळीबाजार नव्हे!”

उतरल्या. पण हसत उतरल्या, ते मला आवडलं नाही. माथा तुडवला की कडा ढासळते, हे मी रस्त्यांवर आयुष्यभर पाहिलं आहे. यांना कोण सांगणार?

ता. १२ जुलै, मंगळवार. पाणी ९ फूट १ इंच.

नुसतं ‘चढू नका’ म्हटलं तर ही माणसं ऐकत नाहीत. त्यांना देवाचं कारण लागतं. बांधाच्या टोकाला, कुटुंबाच्या हट्टाखातर, महादेवाची पिंडी बसवलेली आहेच. सगळ्यांना बोलावून सांगितलं की हा देवाचा बांध, इथे जीवहत्या होणार नाही, श्रावण तर तोंडावर आला. यापुढे बांधावरचा एकही खेकडा धरायचा नाही. इथे लिहायला हरकत नाही, मला खेकड्यांची दया वगैरे काही नाही. मला बांधावर पाय नकोत. कारण मात्र बरोबर लागू पडलं. बायकांनी पिंडीकडे बघून कानाच्या पाळ्यांना हात लावले.

संध्याकाळी काळुराम आला. ओटीवर बसेना, पायरीवरच उभा.

“तात्या, देवाचा सांगना मना मान्य हाय. पन मुठा देव मानत नाय.”

“म्हणजे काय?”

“तो आत जातो न त्याच्या मागून पानी जातो. खाडीवर आमी रोज बांधाव फिरायचो. बाया, पोरां, सगली. भोक दिसला का हात घालाचा, मुठा काढाचा, चिखल कोंबाचा. खायाला होतो न बांध पन राहतो.”

मी त्याला समजावलं. खाडीचा बांध कमरेएवढा, हा अठरा फुटांचा. पायथा चाळीस फूट, वर निमुळता होत गेला तरी भरल्या पाण्याच्या रेषेपाशी दहा-बारा फूट माती. ती खेकडा आरपार कोरणार काय?

“एकटा नाय कोरत. एक आतून येतो, दुसरा भायेरून येतो.”

मला हसूच आलं. खेकड्यांनी दोन टोळ्या करून दोन्हीकडून बोगदा घेतलाय, घाटातल्या रेल्वेसारखा! तसं त्याला म्हटलंही. तो हसला नाही. “तुमी शिकलेले,” म्हणाला आणि गेला.

ता. १७ जुलै, रविवार. पाणी १० फूट ४ इंच.

जेवण करून पडलो होतो. उठून बांधावर गेलो तर आतल्या बाजूला ताज्या चिखलाच्या खपल्या. चौदा मोजल्या. तळहाताएवढ्या, पेंढा घालून मळलेल्या, वर टाचेचा ठसा. मी झोपलो असताना कोणीतरी माझा बांध उकरतंय आणि वरून लिंपून ठेवतंय! चोरून खेकडे धरणं चालू असणार, दुसरं काय? की ओढ्याचं पाणी अडवलं त्याचा राग आहे?

गणूला विचारलं. “उकरत नसतील तात्या,” म्हणाला.

“मग काय करतात?”

डोकं खाजवत निघून गेला. गणूला नेमकं बोलता येत असतं तर आणखी काय हवं होतं.

ता. २१ जुलै, गुरुवार. श्रावण लागला. पाणी ११ फूट २ इंच.

खपल्या एकतीस झाल्या. आज दोन कल्याणचे मजूर लावून सगळ्या खरवडून काढल्या. खड्ड्यांत मोकळी माती सारली आणि वर हरळीची गड्डी बसवून घेतली. आता बांध हिरवागार, एकसारखा दिसतो. साहेबाने टोपी काढावी असं काम झालं. पिंडीच्या बाजूचा तुकडा तेवढा राहिला, तिथे मजूर देवाला पाय लागेल म्हणून जाईनात.

गणूला काठी देऊन दुपारी बारा ते चार बांधावर बसवला. वाडीचं माणूस दिसलं की हाकलायचं. वाढताना कुटुंब म्हणालं, “त्या बायका हल्ली टोपल्या आणतच नाहीत. श्रावणात त्यांच्यातही कोणी खात नाही. मग येतात कशाला, हे इकडून विचारलं का?”

विचारायचं काय त्यात? सवय. दुसऱ्याच्या वस्तूवर चालायची सवय.

ता. २५ जुलै, सोमवार. नागपंचमी. पाणी १२ फूट ६ इंच. पाऊस २ इंच ५ सेंट.

मी पूजेला बसलो तोच काळुराम आला आणि चला म्हणाला. बांधाच्या बाहेरच्या पायथ्याशी, डाव्या अंगाला, पाण्याची एक धार निघाली आहे. मनगटाएवढी असेल. मातीच्या बांधातून थोडं पाणी पाझरायचंच, तसं मी म्हटलं. काळुरामने धार ओंजळीत धरली आणि ओंजळ माझ्या नाकापुढे आणली.

“निवल असता त मी आलो नसतो. बांधाला घाम आला म्हनलो असतो. यो पानी माती घेऊन येतो. बांध आतून खाल्ला जातो, तात्या. आतल्या अंगाला खनून तोंड गावलाच पायजे. मानसां तयार हायत. आताच धरतो.”

“आज? आज नागपंचमी! आज जमिनीला कुदळ लावायची नाही हे तुझी बायकोसुद्धा जाणते.”

“तिनाच पाठवला मना.”

तेरा दिवसांपूर्वी मीच यांना देवाचा बांध म्हणून सांगितलं. खेकडा मारू नका म्हणणारा मी, नागपंचमीला कुदळ घाला कसं म्हणू? वाडीभर हसं झालं असतं. उद्या बघू म्हटलं. तो धार परत एकदा बघून गेला.

ता. २६ जुलै, मंगळवार. पाऊस ३ इंच २० सेंट.

सगळीकडेच गढूळ पाणी. त्यात ती धार कुठली आणि पावसाचा ओघळ कुठला ते कळेना. वाडीची माणसं आपापल्या भाताच्या आवणीला गेली. पाऊस उघडला की बघू.

ता. ३ ऑगस्ट, बुधवार. नारळी पौर्णिमा. पाणी १३ फूट ९ इंच.

धार आता पोटरीएवढी. अजून गढूळच.

वाडीने लहान मुलं आणि म्हातारी माणसं टेकडीवरच्या देवळात नेऊन ठेवली आहेत. गाई-म्हशीसुद्धा. मला कोणी सांगितलं नाही. नारळीभाताचं पातेलं घेऊन गणू वाडीत गेला तेव्हा निम्मी घरं बंद. भात देवळात देऊन आला. माझ्या कामावर हा अविश्वास! मी बांधलेल्या मोऱ्यांवरून वीस वर्षं गाड्या चालल्यात. दिवसभर मन लागलं नाही. जेवलोही नाही नीट.

ता. ८ ऑगस्ट, सोमवार. दोन दिवसांत पाऊस ५ इंच ८५ सेंट. पाणी १४ फूट १० इंच.

माथ्यावर एक खळगा पडला आहे. चार फूट लांब, वीतभर खोल. चार पाट्या माती टाकून सारखा केला. दुपारी पुन्हा तेवढाच. आणखी सहा पाट्या टाकल्या. संध्याकाळी पुन्हा तेवढाच. माती जाते कुठे, हा प्रश्न मला पडत नाही असं नाही. पडतो. उत्तराकडे मी बघत नाही एवढंच.

बांधाच्या तळाशी पाणी सोडायला मोरी ठेवली आहे, तिचं लाकडी बूच काढावं म्हटलं तर ते फुगून बसलंय, आठ जणांनी ओढून हललं नाही.

काळुराम आणि गोदाबाई दोघं आली. काळुरामचं म्हणणं असं, की बांधाच्या उजव्या टोकाला कातळ आहे, तिथे बांध आपणच कापावा. पाणी पलीकडच्या घळीत जाईल. घळीत ना घर ना शेत.

“आणि माझं वर्षाचं पाणी?”

“आमची अकरा घरां,” गोदा म्हणाली.

मी म्हटलं, सांडवा आहे तो कशासाठी? दोन इंच आणखी चढलं की पाणी आपणहून निघेल.

“तात्या, यो पानी वरून जानारा नाय. मदून जातो,” काळुराम म्हणाला. “मी तुमच्या पाया पडतो.” आणि खरंच वाकला. मी मागे सरलो. नाही म्हटलं. बांध माझा आहे, त्याला कोणी हात लावला तर पोलिसात देईन, असंही म्हटलं.

ता. ९ ऑगस्ट, मंगळवार.

सकाळी आठाला वाडीतली पंचवीसेक माणसं कुदळी-पावडी घेऊन उजव्या टोकाला चढली. बाया, बाप्ये सगळे. मी धावलो, ओरडलो, शिव्या दिल्या. एकानेही वर बघितलं नाही. कुदळी पडत राहिल्या. गणूला हाक मारली, “अरे बघतोस काय, हाकल!” गणूने काठी जमिनीवर आडवी ठेवली आणि एकाच्या हातातलं पावडं घेतलं. मी कपाळाला हात लावून पिंडीपाशी बसलो.

अकराच्या सुमारास पाणी सुटलं. कातळावरून घळीत. आवाज एवढा की शेजारचं बोलणं ऐकू येईना. तीन वाजेपर्यंत खांबावर तीन फूट उरलं.

चारला खळग्याची जागा आपणहून बसली. डावीकडे वीस फूट बांध खाली आला, ओला, गाऱ्यासारखा. मागे पाणी फारसं उरलं नव्हतं म्हणून नुसता चिखल वाहिला. तो काळुरामच्या घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबला. उंबरा ओलांडला नाही.

नुकसान: बांध.

ता. १० ऑगस्ट, बुधवार.

कल्याणला जाऊन फिर्याद दिली. नाव एकट्या काळुरामचं. बाकीच्यांची देताना हात आखडला. पंचवीस माणसं कचेरीच्या वाऱ्या करत बसली तर भात कोण राखणार? माझा राग खरा आहे. तीन वर्षांचं काम तीन तासांत फोडलं.

ता. १३ ऑगस्ट, शनिवार.

तळ मोकळा आहे. आतल्या बाजूने पहिल्यांदाच उतरून बघितलं. बिळं मोजली. दोनशे बारापर्यंत मोजली आणि सोडून दिलं.

सगळ्यांत जास्त माझ्या हिरव्यागार हरळीखाली. एकात काठी घातली, साडेतीन हातांची, पुरी गेली. पिंडीच्या बाजूला मात्र, जिथल्या खपल्या खरवडायच्या राहिल्या, तिथे एकही उघडं बीळ नाही. चिखलाचा एकेक गोळा दगडासारखा बसलाय. एक नखाने उकरून बघितला. निघाला नाही.

घरी कोणाला सांगितलं नाही.

ता. २९ ऑगस्ट, सोमवार.

आज कचेरीत निकाल. काळुरामला विचारलं, बांध फोडलास? “फोडला,” म्हणाला. का? “फुटनार होता म्हनून.” मग मामलेदारांनी मला विचारलं, “तुम्ही यातले जाणते. यांनी फोडला नसता तर बांध टिकला असता काय?”

मी म्हटलं, “निश्चित सांगता येत नाही.”

हे खोटं नव्हे. कुठल्याही बांधाबद्दल निश्चित असं कोणाला सांगता येतं? मामलेदारांनी आणखी एकदा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं. दोन महिने सक्तमजुरी. काळुरामने माझ्याकडे बघितलं नाही. गोदा बघत होती.

पानावर बसलो तेव्हा कुटुंबाने विचारलं, इकडून काय सांगितलं? जे सांगितलं ते सांगितलं. ती भाताचं भांडं हातात घेऊन उभी. “मग आता भात वाढू की नको, हेही निश्चित सांगता येत नसेल,” म्हणाली आणि भांडं खाली ठेवून आत गेली.

ता. ५ सप्टेंबर, सोमवार.

गणू काम सोडून गेला. काठी दारात उभी करून ठेवली, मी दिलेलं धोतर घडी करून ठेवलं. वाडीचं कोणी कामाला येत नाही. दूध येत नाही. मी दिसलो की बाया डोक्यावरचा पदर पुढे ओढून वाट बदलतात. मान द्यायची ही रीतच आहे म्हणा, पण पूर्वी वाट बदलत नसत.

ता. १९ सप्टेंबर, सोमवार.

ठाण्याला जाऊन आलो. तुरुंगात. का गेलो ते नीट लिहितो. बांधाचा उरलेला भाग उभा आहे, भगदाडं बुजवली की पुढच्या पावसाळ्यात त्याच्यामागे पुन्हा पाणी साठणार, आणि बिळं कशी बुजवायची हे सांगणारं माणूस मला भेटत नाही. कल्याणला दोघा ओळखीच्या ओव्हरसियरांना विचारलं, ते हसले. हे जाणणारा एकच माणूस, आणि तो ठाण्याला खडी फोडतोय.

काळुराम बराच वाळलाय. डोकं भादरलेलं, म्हणून आधी ओळखलाच नाही. मी काही प्रस्तावना करायला लागलो. तो म्हणाला, “काय हवा तुमाना?”

“बिळं कशी बुजवायची?”

वाटलं, थुंकेल. पण सांगायला लागला. पाणी उतरलं की लगेच करायचं, माती ओली असताना. हात आडवा घालायचा, बोटं मिटून. नांगी खालून येते, म्हणून अंगठा वर. मुठा निघाला तरी बीळ संपलं असं धरायचं नाही, काठी घालून बघायचं. खाडीचा काळा चिखल आणि भाताचा पेंढा, पायाने दोन दिवस तुडवून. गोळा आत सारायचा, त्यावर दुसरा, आणि टाचेने दाबायचा. हाताने दाबलेला टिकत नाही. दुसऱ्या दिवशी परत यायचं, कारण मुठा शेजारी नवं काढतो. मी वही मांडीवर घेऊन सगळं लिहून घेतलं. मध्येच त्याने दोनदा थांबवून मला वाचून दाखवायला लावलं.

निघताना राहवलं नाही. “काळुराम, मला हे कशाला सांगितलंस?”

“घरां आमचीच हायत ना खाली,” म्हणाला.

शिपाई उभा होता म्हणून, नाहीतर मला तिथेच रडू फुटलं असतं. गाडीत खिडकीकडे तोंड करून बसलो.

ता. २१ सप्टेंबर, बुधवार.

खाडीवरून दोन गाड्या चिखल आणवला आणि दोन दिवसांचा धीर न धरता सकाळीच हात घातला. तिसऱ्या बिळात नांगी बसली. करंगळीचं नख गेलं. जन्मात ज्या प्राण्याचा वास सहन केला नाही तो दोन हातांत धरून नाचत होतो. खालून कोणीतरी हसलं. गोदा होती. थोडा वेळ बघत राहिली, मग चढून आली.

“असा नाय. अंगठा वर.” तिने हात घातला, काढला, खेकडा आपल्या ओच्यात टाकला, गोळा कोंबला, टाच मारली. मग दुसरं.

दहाएक झाल्यावर मी म्हटलं, “गोदाबाई, बांध टिकला नसता. मला कचेरीत ठाऊक होतं.”

“आमाना पन ठाव होता. मामलेदाराला ठाव नवता.”

पुढचं बीळ कोणी बुजवलं ते आठवत नाही. मी उठून घरी आलो.

ता. २३ सप्टेंबर, शुक्रवार.

वरच्या साहेबांकडे अर्ज लिहिला. पहिल्या मसुद्यात ‘अतिवृष्टीमुळे’ आलं होतं. दुसऱ्यात ‘काही अंशी’. दोन्ही फाडले. तिसरा असा: ‘बांधावरील बिळे बुजविण्यास मी बंदी केली व बुजविलेली उकरविली, त्यामुळे बांध पोकळ झाला. काळुरामने तो फोडला नसता तर त्याच दिवशी अकरा घरे वाहून गेली असती. हे मला जबानीच्या दिवशी पूर्ण माहीत होते.’ खाली सही, आणि ‘निवृत्त ओव्हरसियर’. ते शब्द लिहिताना लाज वाटली, पण खोडले नाहीत.

कुटुंबाला वाचून दाखवला. तिने पूर्ण ऐकला आणि विचारलं, “यात इकडच्यावरच संकट येईल का?”

“येऊ शकतं.”

“बरं,” म्हणाली, आणि ठाण्याच्या प्रवासासाठी दशम्या करायला गेली.

ता. ७ ऑक्टोबर, शुक्रवार.

सुटला. एकोणचाळीस दिवस त्याने भोगले, एकवीस माफ झाले. मला साहेबांनी उभं ठेवून वीस मिनिटं सुनावलं. इंग्रजीत. शिरस्तेदाराने मराठीत सांगायला सुरुवात केली, मी म्हटलं समजलं. खटला भरावा की नाही ते मागाहून कळवतील.

ता. ९ ऑक्टोबर, रविवार.

आठ दिवस कल्याणचे मजूर लावून डावीकडचं भगदाड बुजवत होतो. मीही पाट्या टाकल्या. काल संध्याकाळी बारा फुटांपर्यंत आलं होतं. दिसायला चांगलं दिसत होतं.

सकाळी काळुराम आला. ओटीकडे आला नाही, सरळ बांधावर चढला. मी मागून गेलो. राम राम नाही, सुटकेबद्दल शब्द नाही. आतल्या बाजूने, मग बाहेरच्या बाजूने पूर्ण चालला. नवी माती जुन्या मातीला टेकते तिथे उकिडवा बसला. शेजारी बांबूची काडी पडली होती ती उचलून सांध्यात घातली. काडी मुठीपर्यंत गेली.

“नव्यान जुन्याला धरला नाय,” म्हणाला. “नुसता शेजारी बसलाय. पानी हयशीच वाट करल.”

“मग?”

“सगला परत काढाला लागल.”

“आठ दिवसांचं काम आहे, काळुराम.”

“हाय ना.”

तो विचारत नव्हता, सांगत होता. त्याची नजर माझ्यावर नव्हतीच, खाली वाडीवर होती. तिथे टेकडीवरून परत आणलेल्या म्हशी बांधल्या होत्या. मला एक क्षण वाटलं, सांगावं की रस्त्याच्या भरावाला आम्ही असंच करतो. मग धोतराचा काचा मारला आणि कुदळ आणायला गेलो.

तो वरून, मी खालून. गोदा आणि गणू पाट्या घ्यायला आले. संध्याकाळपर्यंत दोन फूट काढून झालं.